पट्टी

ब्लफ गावात जुलैत संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो.
लोकरीच्या गोदामात आता गठ्ठे नाहीत,
मेंढ्यांचा वास मात्र अजून नोकरीवर आहे.
मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे आमची तालीम.
मी पियानोवर. चाळीस वर्षं फेरीबोटीची तिकिटं फाडली,
या बोटांना त्याखेरीज एवढंच येत होतं.

मोरॅग हॉल्डेन नाटक बसवते.
लोक म्हणतात, ती मुलांना उभं करते.
मी बघते तर ती बहुतेक वेळ बसलेली,
मांडीवर थर्मास,
आणि मुलं आपापली उभी राहतात,
उशिरा, वाकडी, एकमेकांच्या पायांवर.

यंदा दीपस्तंभाच्या राखणदाराचं संगीत नाटक.
राखणदार फेतू, वय तेरा.
बाप अॅल्युमिनियमच्या भट्टीवर,
आई सामोअन चर्चमध्ये गाते, बाकी वेळ मासे पॅक करते.
मार्चमध्ये निवडला तेव्हा त्याचा आवाज
कालवाच्या उघड्या शिंपल्यात उरलेलं पाणी,
धक्का न लावता धरावा असा.

जूनमध्ये त्याला कंठ फुटला.
एका ओळीत शिरला तो मुलगा,
दुसऱ्या टोकाने बाहेर आला त्याचा काका.
पोरं हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.
शिडीवर झोत धरून बसलेली ओरिवा
तेवढी हसली नाही.
तिला सगळ्यांची सगळी गाणी पाठ आहेत
आणि ती कुणालाच सांगत नाही.

एक आई म्हणाली, दुसरा मुलगा घ्या ना,
तीन आठवडे आहेत अजून.
मोरॅगने थर्मासचं झाकण फिरवलं,
आणखी फिरवलं, मग मला म्हणाली,
उतरव.

पांढरी पाचवरून पांढरी चार.
शुक्रवारी पांढरी तीन.
पुढच्या मंगळवारी काळी दोन, आणि तीही चढी.
रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर
बटाट्याच्या सालांमध्ये मी नवी बोटं बसवायचे.
म्हातारपणी माणूस जिना उतरायला परत शिकतो,
कठड्याला हात, पायरीकडे न बघता,
तसं ते गाणं.
आणि दर वेळी फेतू माझ्या आधीच
एक पायरी खाली गेलेला,
अंधारात, काही न बोलता.

प्रयोगाला कालवं सोलणारे आले, हात घासून,
तरी पहिल्या रांगेपर्यंत समुद्र आलाच.
फेतूचा बाप पाळीवरून थेट, जाकिटासकट,
नांदीलाच झोपला.

वादळाच्या गाण्यात, वरच्या सुरावर,
आवाज गेला.
फाटला नाही, चिरकला नाही, गेलाच,
दिवा विझावा तसा.
मी तोच तुकडा फिरवत ठेवला.
चार मात्रा. पुन्हा चार.
मोरॅग उठली नाही. तिच्याकडे बघायचं नाही
असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं.
ती माझ्या हातांकडे बघत होती.
पुन्हा चार.
गाण्यात झोपलेला बाप शांततेने जागा झाला.

मग फेतू बोलला.
गायला नाही. ती ओळ नुसती बोलला,
दाराबाहेर उभं राहून
आतल्या माणसाला हाक मारावी तशी.
शिडीवरचा झोत किंचित हलला.
पुढची ओळ तो गायला, दोन आवाजांत,
कुठला कधी येईल त्यालाही ठाऊक नव्हतं,
आणि मला तर नव्हतंच.

टाळ्यांचं काय सांगायचं. गाव लहान आहे,
इथे बोट वेळेवर आली तरी टाळ्या वाजतात.
नंतर खुर्च्या रचताना तो माझ्याजवळ आला,
म्हणाला, पुढच्या वर्षी अजून खाली जाईल का?
म्हटलं, पियानोला खाली बरीच जागा आहे.

या मंगळवारी अकरा जण आले.
ओरिवा आली, शिडीकडे न जाता भिंतीशी उभी राहिली.
एक नवीन मुलगी, सातेक वर्षांची,
बूट न काढता थेट पियानोखाली जाऊन बसली.
तिला कुणी बाहेर बोलावलं नाही.
मी डाव्या हाताने हळू वाजवते आहे.
पॅडलला पाय लावत नाही.